पहिल्या ट्रॅक डेबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवरून आला. चौथ्यांदा तो डोंबिवलीच्या भाच्याने पाठवला आणि खाली विचारलं, “मामा, खरं आहे का हे? पैसे भरू?” ट्रॅक डे म्हणजे पैसे भरून आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस, आणि तिथे पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी लिहिलेला हा मेसेज आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. जायचं तर थेट बुद्ध सर्किटलाच जा, छोट्या ट्रॅकवर काही शिकायला मिळत नाही. दिवसभर हवे तेवढे लॅप, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्या, मारू देतात तोच दिवस पैसा वसूल. लॅपची वेळ मोजत नसतील तर जाऊ नका. एक्सप्रेसवेवर गाडी चालवणाऱ्याला शिकवणारा लागत नाही, फार तर आधी दोन रात्री कोस्टल रोडवर हात साफ करून घ्या. गाडीचं सर्व्हिसिंग झालेलं असलं की बस्स. आणि झिरो डेप विमा असेल तर चिंता नको.

मी गेली अकरा वर्षं जमेल तसा ट्रॅकवर जातो. या मेसेजमधलं एकही वाक्य मला मान्य नाही, आणि एक वाक्य तर जिवावर बेतणारं आहे. म्हणून सुरुवात त्याच्यापासून करतो, मेसेजमधला क्रम काही असो.

“कोस्टल रोडवर रात्री हात साफ करून घ्या.” हे कृपा करून कुणी करू नका. कोस्टल रोडवर सरळ पट्ट्यात 80, बोगद्यात 60 आणि वळणांवर, चढउताराच्या मार्गांवर 40 अशी वेगमर्यादा आहे. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणं किंवा वेगाची चाचणी घेणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे आणि त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवू. ट्रॅकवर गाडी घसरली तर बाहेर मोकळी जागा असते, खडी असते, टायरांची भिंत असते, झेंडा घेऊन उभा असलेला मार्शल मागच्यांना सावध करतो आणि ॲम्ब्युलन्स आधीपासून उभी असते. कोस्टल रोडवर घसरलात तर काँक्रीटची भिंत आहे आणि तिच्या अलीकडे रात्रपाळी संपवून घरी निघालेला टॅक्सीवाला आहे. शिवाय तिथे शिकण्यासारखं काही नाहीच. सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबायला शिकावं लागत नाही. ट्रॅकवर शिकायचं असतं ते ब्रेक कुठे लावायचा आणि वळणात नजर कुठे ठेवायची, आणि हे रहदारीच्या रस्त्यावर कुठल्याही वेळी शिकता येत नाही.

आता बुद्ध सर्किट. ग्रेटर नोएडाचा हा ट्रॅक 5.125 किलोमीटरचा आहे, 2011 ते 2013 अशी तीन वर्षं तिथे फॉर्म्युला वन झाली. तिथे गाडी चालवावीशी वाटणं अगदी स्वाभाविक आहे, मलाही वाटलं होतं. पण नवशिक्याच्या दृष्टीने हिशोब करून पाहा. मागचा सरळ पट्टा एक किलोमीटरहून लांब आहे. तिथे साधी हॅचबॅकसुद्धा दीडशेच्या आसपास जाते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 42 मीटर. पट्ट्याच्या शेवटी कडक ब्रेक लावायचा असतो, तोही आयुष्यात कधी त्या वेगात ब्रेक न लावलेल्या माणसाने.

कोइमतूरजवळच्या चेट्टिपाळयमचा कारी मोटर स्पीडवे 2.1 किलोमीटरचा आहे. मारुती 800 चं इंजिन वापरून देशात एकसीटी रेसगाड्या बनवणाऱ्या एस. करिवर्धन यांचं नाव त्याला दिलंय. वीस मिनिटांच्या सेशनमध्ये नवशिका तिथे तेच वळण दहा-बारा वेळा घेतो. बुद्धवर तेवढ्याच वेळात सहा-सात वेळा. एखादं वळण तिसऱ्यांदा चुकतं, चौथ्यांदा का चुकतं ते कळतं, पाचव्यांदा जमतं. हे कळणं आवर्तनातून येतं. तबल्याचा कायदा शिकणारा विलंबितात दहादा वाजवतो तेव्हा हात बसतो, तसंच. छोट्या ट्रॅकवर वेगही कमी राहतो, त्यामुळे चुकीची किंमत कमी पडते.

चेन्नईचा ट्रॅक या दोन्हींच्या मधला, 3.717 किलोमीटरचा. श्रीपेरुंबुदुरजवळ इरुंगट्टुकोट्टईला आहे. आपल्या पुणे-साताऱ्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 48 थेट तिथवर जातो, याचं मला दरवेळी अप्रूप वाटतं. तिथली काही वळणं वेगात घ्यायची आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेसाठी उत्तम.

पण खरं सांगायचं तर ट्रॅकचं नाव हा दुय्यम प्रश्न आहे. बुद्धवरचा नीट चालवलेला दिवस कारीवरच्या गलथान दिवसापेक्षा कधीही बरा. त्या दिवशी तुमच्यासोबत ट्रॅकवर कोण असेल आणि त्यांना कोण आवरेल, हे आधी विचारायचं असतं. मेसेजमध्ये याबद्दल अक्षर नाही.

म्हणून “दिवसभर हवे तेवढे लॅप” या मुद्द्यावर जरा थांबतो. ट्रॅक डे साधारण दोन पद्धतींनी चालतो. एकात पिटचं, म्हणजे ट्रॅकलगत गाड्या उभ्या राहतात त्या जागेचं, फाटक उघडं असतं, ज्याला हवं त्याने हवं तेव्हा आत जावं. दुसऱ्यात गट पाडतात: नवशिके, मधले, सराईत. प्रत्येक गटाला तासातून पंधरा-वीस मिनिटं. पहिली पद्धत ऐकायला फायद्याची वाटते. माझा पहिला दिवस तसाच होता. दक्षिणेतलाच एक ट्रॅक, आयोजकाचं नाव घेत नाही. माझ्यासोबत माझ्यासारख्याच हॅचबॅक होत्या आणि त्यातच आत रोल केज (संरक्षक सांगाडा) बसवलेल्या, रेसच्या गुळगुळीत स्लिक टायरवरच्या दोन गाड्याही सोडल्या होत्या. सकाळचं ब्रीफिंग पाच मिनिटांत आटोपलं होतं. तिसऱ्या लॅपला आरशात त्यातली एक गाडी दिसली आणि माझं लक्ष पुढच्या वळणावरून उडालं ते उडालंच. ब्रेक उशिरा लागला, गाडी सरळ खडीत गेली. कुणाला लागलं नाही. पण उरलेला दिवस मी वळण शिकलो नाही, आरसा बघत बसलो. पैसे दिवसभराचे भरले होते आणि शिकणं शून्य झालं.

गटांचा दिवस असेल तर तुमच्या आगेमागे तुमच्याच वेगाची माणसं असतात. चांगल्या आयोजकाकडे नवशिक्यांच्या गटात ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यात करता येतो आणि पुढच्याने हाताने किंवा इंडिकेटरने बाजू दाखवल्याशिवाय मागच्याने जायचं नाही असा नियम असतो. मग आरशाची धास्ती राहत नाही. आणि मधल्या चाळीस मिनिटांचं काय, असं विचाराल तर ती वाया जात नाहीत. गाडी थंड होते, टायरची हवा पाहता येते, आणि डोकंही निवतं. नवशिका वीस मिनिटांत किती थकतो हे बाहेरून कळत नाही. चुका बहुतेक सेशनच्या शेवटच्या लॅपमध्ये होतात, “अजून एक मारू” म्हणताना.

ब्रीफिंगचंही तसंच. तिथे झेंडे नीट समजावले जातात का ते बघा. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं, सावकाश पिटमध्ये या. निळा म्हणजे मागे जलद गाडी आहे. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. काळा तुम्हाला दाखवला तर आत या, काहीतरी चुकलंय. हे पाठ नसलेल्या माणसाला आयोजक ट्रॅकवर सोडत असेल, तर तो इतरांनाही तसाच सोडतोय.

लॅपची वेळ मोजण्याबद्दल फार लिहीत नाही. घड्याळ लागलं की ती स्पर्धा होते, निदान मनात तरी. टाइम अटॅक, म्हणजे कमीत कमी वेळात लॅप मारण्याची चढाओढ, हा स्पर्धेचा प्रकार आहे, त्याचे नियम आणि सुरक्षेचा सरंजाम वेगळा. पहिल्या दिवशी मोबाइलचं ॲपसुद्धा बंद ठेवा. प्रगती कळायला शेजारी बसलेला माणूस पुरेसा आहे.

तो माणूस लागत नाही, असं मेसेज म्हणतो. एक्सप्रेसवेवर आपण शिकतो ते पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे बघायला, ब्रेकवर हळूहळू भार द्यायला, वळणात लेन न सोडायला. रस्त्यावर हे सगळं बरोबरच आहे. ट्रॅकवर यातलं जवळजवळ सगळं उलटं करायचं असतं. ब्रेक गाडी सरळ असतानाच, एकदम पण झटका न देता लावायचा आणि वळताना हळूहळू सोडायचा. नजर वळणाच्या आतल्या टोकावर आणि मग बाहेर पडण्याच्या जागेवर. ट्रॅकची पूर्ण रुंदी वापरायची. वीस वर्षांची सवय स्वतःच्या बळावर एका दिवसात मोडत नाही. माझी मोडली नव्हती. पुढच्या वेळी प्रशिक्षक शेजारी बसला आणि पहिल्या लॅपला एवढंच म्हणाला, “स्टीअरिंग इतकं आवळून धरू नका.” त्या एका वाक्याने मला मागच्या अख्ख्या दिवसापेक्षा जास्त दिलं. प्रशिक्षकाचे पैसे वेगळे द्यावे लागत असतील तर द्या, हवं तर एक सेशन कमी करा. ज्यांना स्वतःची गाडी न्यायची नाही त्यांच्यासाठी दक्षिणेत रेसिंग स्कूल आहेत, त्यांच्याच गाडीवर शिकवतात. मुंबईकरांना हा मार्ग सोयीचा वाटतो मला, कारण चेन्नई काय किंवा कोइमतूर काय, हजार-बाराशे किलोमीटरच्या पुढे आहे. ज्या गाडीने ट्रॅक मारायचा तिनेच घरी परतायचं असतं.

इथून गाडीकडे वळतो. “सर्व्हिसिंग झालंय ना, मग बस्स.” सर्व्हिसिंगमध्ये इंजिन ऑइल बदलतात. ट्रॅकवर सगळ्यात आधी दम तोडतात ते ब्रेक. ताशी 120 वरून 60 वर येताना ब्रेकना जी ऊर्जा गिळावी लागते ती 60 वरून थांबताना लागणाऱ्या ऊर्जेच्या तिप्पट असते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गानुसार वाढते. एका लॅपमध्ये हे चार-पाच वेळा, लागोपाठ. ही सगळी उष्णता ब्रेक पॅड आणि डिस्कमधून, पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमधल्या ब्रेक ऑइलपर्यंत पोचते.

आणि इथे मुंबईचा प्रश्न येतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, तो त्याचा गुणधर्मच आहे. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि उरलेले महिने समुद्राची दमट हवा. नव्या डॉट 4 दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी मानकच 155 पर्यंत खाली येतं. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. ठाण्याच्या एका मित्राचं पेडल पाचव्या लॅपला असंच खाली बसलं. दोन-तीनदा पंप करून त्याने गाडी कशीबशी आवरली. गाडी चार वर्षांची होती आणि प्रत्येक सर्व्हिसिंग वेळेवर झालं होतं. ब्रेक ऑइल मात्र शोरूममधून निघालं तेव्हाचंच होतं.

तेव्हा जाण्याआधी आठवडाभरात गॅरेजवाल्याला सांगून ब्रेक ऑइल पूर्ण बदला, नुसतं वरून भरू नका. पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक हवेत. टायरवर तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत छापलेलं असतं, ते वाचा. चाकांचे नट पान्याने तपासा, ट्रॅकवर पोचल्यावर परत एकदा. गाडीतून पाण्याची बाटली, जॅक, फूटमॅट, डॅशबोर्डवरची देवाची मूर्तीसुद्धा, सगळं बाहेर काढा. सेशनचा शेवटचा लॅप ब्रेक न वापरता सावकाश मारा आणि पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा.

तारखेबद्दल मेसेज गप्प आहे, म्हणून एक सांगून ठेवतो. आपला पाऊस सप्टेंबरात ओसरतो म्हणून मुंबईकर बिनधास्त नोव्हेंबरची चेन्नईची तारीख घेतात. तिथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. ग्रेटर नोएडाला डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे सकाळची सेशन अडकू शकतात. चेन्नईचा मे महिना माणसालाही झेपत नाही आणि गाडीलाही.

राहिला विमा. खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. त्यात आयोजित शर्यती, पेस मेकिंग (इतरांसाठी वेग ठरवून देणं), वेगाची चाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या भरवशाची चाचणी) वगळलेल्या असतात. झिरो डेप घेतल्याने ही अट बदलत नाही. त्याने फक्त सुट्या भागांचा घसारा कापला जात नाही, तोही दावा मान्य झाला तर. म्हणजे ट्रॅकवर गाडी आपटली तर खर्च आपल्याच खिशातून, असं धरूनच जायचं. कर्जाचे हप्ते चालू असलेली गाडी नेण्याआधी घरात हे स्पष्ट बोला. आयोजकाच्या फॉर्मवर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा, ट्रॅकच्या भिंतीचं नुकसान झालं तर कोण भरणार हे त्यात लिहिलंय का ते पाहा.

भाच्याला मी पाच प्रश्न लिहून दिले. नवशिक्यांचा गट वेगळा आहे का? एका वेळी ट्रॅकवर किती गाड्या सोडता? प्रशिक्षक शेजारी बसतो का? ॲम्ब्युलन्स आणि डॉक्टर दिवसभर हजर असतात का? बाइक आणि गाड्या एकत्र सोडता का? त्याने त्याच संध्याकाळी आयोजकाला फोन लावला. पहिल्याच प्रश्नाला उत्तर आलं, “सगळ्यांना एकत्रच सोडतो, मजा येते.” त्याने पैसे भरले नाहीत. आता फेब्रुवारीतला कोइमतूरचा एक दिवस बघून ठेवलाय, तीन गटांचा, प्रशिक्षकासकट. त्याआधीच्या रविवारी तो गाडी घेऊन माझ्याकडे मुलुंडला येणार आहे. ब्रेक ऑइल बदलून घ्यायचंय.