‘माग लागतच नाही’ म्हणणाऱ्या काकांना

काका, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘निनावी फोनचा माग लागतोच, हे तुमचं वाक्य म्हणजे नुसता बागुलबुवा. माझ्या बहिणीला गिरगावात महिनाभर प्रायव्हेट नंबरवरून ब्लँक कॉल आले. चौकीत सांगितलं तर म्हणाले, उचलू नका.’ राग रास्त आहे, पण दोन गोष्टींची गल्लत होतेय.

प्रायव्हेट नंबर लपतो तो फक्त ताईंपासून. एक्स्चेंजपर्यंत तो येतोच, सोबत ‘दाखवू नका’ अशी खूण असते, एवढंच. कंपनीच्या नोंदीत कोणी, कोणाला, कधी, किती सेकंद, कुठल्या टॉवरखालून, हँडसेटचा 15 आकडी आयएमईआय, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, कोणता, सगळं उतरतं.

माझ्या मामाचं परळला पानाचं दुकान होतं, दाराशी एक रुपयाचा लाल डबा. सुट्टीत मी गल्ल्यावर बसायचो. पलीकडून फोन उचलला की खण्णकन नाणं आत पडायचं. एक जण रोज सातच्या सुमारास यायचा, नंबर फिरवायचा, ‘हॅलो’ ऐकायचा आणि ठेवून द्यायचा. रुपया गेला तरी चेहरा खूश! त्या घराला तो निनावी. मामाला मात्र त्याच्या चपलेचा तुटका अंगठासुद्धा पाठ होता.

एका जागी तुम्ही मला बरोबर पकडलंत. ‘लागतोच’ मधला ‘च’ हा माझा आगाऊपणा. परदेशातून इंटरनेटवरून येणाऱ्या कॉलवर हवा तो नंबर चिकटवता येतो, +91 बघून माणूस फसतो. असे कॉल अडवायची यंत्रणा सरकारने ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू केली, पण माग काढायचा तर तो देशाच्या वेशीवरच अडखळतो.

आणि नोंद आहे म्हणून ती तुम्हाआम्हाला मिळत नाही. वरच्या पोलीस अधिकाऱ्याने कंपनीकडे लेखी मागावी लागते. ‘उचलू नका’ म्हणणाऱ्याने ती मागितलीच नसणार, आणि ताईंनीही तक्रार तोंडीच केली असावी. डिसेंबर 2021 पासून कंपन्यांना या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात, तेव्हा अजून उशीर झालेला नाही.

ताईंना सांगा, कॉल लॉग पुसू नका. पुन्हा फोन आला तर कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकटीत वेळ लिहा. ‘बरेच फोन येतात’ यावर कोणी काही शोधत नाही. ‘मंगळवार, रात्री 9.40’ असं अर्जात लिहून त्याची पोच घेतली, की शोधायला निदान एक ओळ सापडते.