"तिकडे चालतं ना, मग इकडे का नाही?"

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या अॅलोपथी डॉक्टरांनी एक दिवसाचा संप केला तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर जो वाद पेटलाय तो अजून धुमसतोच आहे. ज्यांना विषय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. होमिओपथीच्या म्हणजे बीएचएमएस झालेल्या डॉक्टरांसाठी सीसीएमपी नावाचा एक वर्षाचा कोर्स आहे, आधुनिक औषधशास्त्राचा, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा. तो केला की त्यांनाही अॅलोपथीची औषधं देता यावीत यासाठी कायद्यात बदल २०१४ मध्येच झाला होता. २०२५ मध्ये या डॉक्टरांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, म्हणजे अॅलोपथी डॉक्टरांची नोंद जिथे होते तिथे, नोंद करायची वेळ आली आणि आयएमए, म्हणजे इंडियन मेडिकल असोसिएशन ही अॅलोपथी डॉक्टरांची संघटना, विरोधात उभी राहिली, होमिओपथीवाले बाजूने उभे राहिले, सरकार एकदा पुढे एकदा मागे असं झालं.

मी इंग्लंडमध्ये, लीड्सला राहते. काकांनी ग्रुपवर मलाच विचारलं, की तुमच्याकडे तर साधा फार्मासिस्टसुद्धा औषध लिहून देतो ना, मग आपल्याकडे साडेपाच वर्षं शिकलेल्या माणसाने दिलं तर बिघडलं कुठे? आणि आमचा आतेभाऊ, जो स्वतः एमडी आहे, त्याने लगेच उत्तर दिलं की तिकडे डॉक्टर नसलेल्यांना पेशंट तपासायला बसवलं आणि माणसं दगावली, हेही विचारा तिला. म्हणजे दोघांनाही इंग्लंडची साक्ष हवी होती, आणि गंमत म्हणजे दोघं जे सांगत होते ते खरंच होतं. इंग्लंडमध्ये दोन्ही झालंय. तरी दोघांचाही मुद्दा त्यातून सिद्ध होत नाही, आणि का होत नाही हे मला जरा नीट मांडायचंय, कारण परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला घरच्या वादात असं साक्षीदार म्हणून ओढलं जातं आणि आपणही अधिकाराने बोलून मोकळे होतो.

आधी काकांचं. इथे फार्मासिस्ट औषध लिहून देतात हे बरोबर. २००६ पासून इथे नर्स आणि फार्मासिस्ट वेगळं ट्रेनिंग घेऊन स्वतंत्रपणे प्रिस्क्रिप्शन लिहू शकतात. शिवाय जानेवारी २०२४ च्या शेवटी फार्मसी फर्स्ट नावाची योजना सुरू झाली, त्यात जीपीकडे म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे न जाता थेट औषधाच्या दुकानात जाऊन सात ठराविक आजारांवर उपचार मिळतात, घसा दुखणं, कानदुखी, सायनस, किडा चावून झालेलं इन्फेक्शन, नागीण, बायकांचं लघवीचं साधं इन्फेक्शन वगैरे. पण आजार ते सातच. आणि प्रत्येकासाठी कागदावर लिहिलेली पद्धत आहे, वय किती असलं तर चालेल, कुठलं लक्षण दिसलं तर स्वतः काही न देता डॉक्टरकडे पाठवायचं, कुठलं औषध किती दिवस. त्यामुळे "फार्मासिस्ट औषध देतो" एवढंच वाक्य उचलून महाराष्ट्रात आणलं तर त्या वाक्याला उभं धरणारं बाकी सगळं इंग्लंडमध्येच राहतं.

आता आतेभावाचं. इथे फिजिशियन असोसिएट नावाचे लोक आहेत, बहुतेकांची सायन्सची डिग्री आणि त्यावर दोन वर्षांचा कोर्स. डॉक्टर कमी म्हणून त्यांना हॉस्पिटलांत आणि जीपीकडे घेतलं गेलं. २०२२ मध्ये एक तरुण बाई दोनदा अशा असोसिएटकडे गेली, आपल्याला डॉक्टरनेच तपासलं असं तिला वाटत होतं, पायातली रक्ताची गुठळी ओळखली गेली नाही आणि ती वारली. त्यानंतर इथे जो वाद झाला तो आपल्या सीसीएमपीच्या वादासारखाच होता, तेवढाच कडवट. एक बाजू म्हणत होती हे लोक नसतील तर पेशंटला महिनाभर अपॉइंटमेंट मिळणार नाही, दुसरी म्हणत होती हा लोकांच्या जिवाशी खेळ आहे. घरचा ग्रुप वाचताना मला वाटायचं की मी इथलाच पेपर मराठीतून वाचतेय.

पण इथे पुढे जे झालं ते आतेभावाने सांगितलं नाही. सरकारने प्रोफेसर जिलियन लेंग यांना स्वतंत्रपणे सगळा पुरावा तपासायला सांगितलं आणि जुलै २०२५ मध्ये त्यांचा रिपोर्ट आला. मी तो वाचला, आणि मला सगळ्यात जास्त आवडलं ते हे की त्यांनी प्रश्नच फोडला. "हे लोक सुरक्षित आहेत का?" या प्रश्नाला त्यांनी हो किंवा नाही असं एकच उत्तर दिलं नाही. उपलब्ध संशोधन तोकडं आहे हे स्पष्ट लिहिलं, हे पद बंद करावं असंही म्हणता येत नाही आणि आहे तसं चालू ठेवावं असंही म्हणता येत नाही असं लिहिलं. मग धोका नेमका कुठे दिसतो ते पाहिलं. तर लोकांच्या तक्रारी आणि काळजी बहुतेक एकाच जागी येत होत्या: पेशंट पहिल्यांदा आलाय, त्याला काय झालंय हेच अजून माहीत नाही, आणि निदान करून पहिला उपचार ठरवायचाय. निदान झालेल्या पेशंटचा फॉलोअप, तपासण्या, कागदपत्रं, तिथे एवढी चिंता नव्हती. म्हणून शिफारसही तशीच आली, की निदान न झालेला पेशंट त्यांनी सहसा बघायचा नाही, ठरवून दिलेल्या नियमांत बसत असेल तरच, आणि नाव बदलून असिस्टंट करा म्हणजे आपण कोणाला भेटतोय ते पेशंटला कळेल. त्यावरही इथे भांडणं झालीच, असोसिएटांची युनियन कोर्टात गेली, डॉक्टरांच्या संघटनेला ते कमी वाटलं. पण आता भांडण कशावर आहे हे तरी कळतं.

आणि हो, हे असोसिएट प्रिस्क्रिप्शन लिहूच शकत नाहीत. सीसीएमपीचा सगळा वाद औषध लिहिण्यावरून आहे. म्हणजे आतेभावाचं उदाहरणही आपल्या प्रश्नावर नीट बसत नाही.

आता घरच्या वादात जे मुद्दे आले ते बघूया, कारण ते फक्त आमच्या घरातले नाहीत, टीव्हीवरही तेच ऐकले.

पहिला मुद्दा काकांचा लाडका: आमच्या तालुक्यात होमिओपथीवाले डॉक्टर तीस वर्षं इंजेक्शन-गोळ्या देतायत, कोणाला काही झालं नाही. हा मुद्दा ऐकायला फार दमदार वाटतो, आणि त्यातली गावाकडची अडचण शंभर टक्के खरी आहे, रात्री दोन वाजता मूल तापाने फणफणलं तर दारात जो उभा राहतो त्याला लोक विसरत नाहीत. पण "काही झालं नाही" हे कळणार कसं? ज्याला गुण येतो तो परत त्याच दवाखान्यात येतो आणि चार लोकांना सांगतो. ज्याला गुण येत नाही तो साताऱ्याला नाहीतर कराडला मोठ्या हॉस्पिटलात जातो, तिथे वाचतो किंवा वाचत नाही, आणि पहिल्या दवाखान्यात ती बातमी पोचतही नाही. चुकीची अँटिबायोटिक घेऊन ताप उतरला तर तो औषधाने उतरला की आपोआप उतरणारच होता, हे एका पेशंटवरून कोणालाच सांगता येत नाही, एमडीलाही नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली की आपण कावळ्याला श्रेय देतो. हे ओळखायचं तर ज्या वेळी कावळा बसला आणि फांदी तुटली नाही त्या वेळाही मोजाव्या लागतात, आणि न बसता तुटली त्याही.

दुसरा मुद्दा आतेभावाचा: एक वर्षाचा कोर्स एमबीबीएसच्या साडेपाच वर्षांची बरोबरी करूच शकत नाही. मला स्वतःला हे पटण्यासारखं वाटतं, पण पटण्यासारखं वाटणं आणि दाखवून देणं यात फरक आहे. कोर्स किती वर्षांचा यावरून माणूस काय शिकून बाहेर पडला ते थेट कळत नाही. बीएचएमएसवाले म्हणतात आम्हीही शरीरशास्त्र, विकृतिशास्त्र शिकलोय, तर मग एकच परीक्षा दोघांना द्या, पेपर तपासणाऱ्याला कोण कुठला ते कळू देऊ नका आणि निकाल बघा. हे करणं अशक्य नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त होता आणि सगळ्यात निरुपयोगी. डॉक्टरांना आपला धंदा वाचवायचाय. होमिओपथीवाल्यांना मागच्या दाराने यायचंय. सरकारला मतं हवीत. यातलं सगळंच खरं असू शकतं आणि तरीही एखाद्या खेड्यातल्या बाईला बीपीची गोळी बरोबर मिळेल की नाही याबद्दल आपल्याला त्यातून एक अक्षरही कळत नाही. स्वार्थी माणूसही खरं बोलू शकतो, निःस्वार्थी माणूसही चुकू शकतो. हेतू काढला की समोरचा चिडतो आणि मुद्दा तिथेच राहतो, आमच्या ग्रुपवर दोन जण याच कारणाने बोलायचे बंद झालेत, सख्ख्या नात्यातले.

इथे मला कोणी म्हणेल की बाई, हे पुरावे वगैरे तुमच्या युरोपातले लाड आहेत, आपल्याकडे कोण करतंय. म्हणून मला पुण्याची आठवण करून द्यायचीय. २००८ मध्ये जयंत नारळीकरांनी, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्याबरोबर फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. शंभर हुशार विद्यार्थी आणि शंभर मतिमंद मुलं, या दोनशे जणांच्या पत्रिका तयार केल्या. ज्या ज्योतिषांनी भाग घ्यायची तयारी दाखवली त्यांना प्रत्येकी चाळीस पत्रिका पाठवल्या आणि पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद मुलाची एवढंच सांगायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सगळ्यात जास्त बरोबर आली ती एकाची, चाळीसपैकी २४. सगळ्यांची सरासरी निम्म्याच्याही खाली. एका ज्योतिष संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका घेतल्या होत्या, त्यांची १०२ बरोबर आली.

मला या प्रयोगात निकालापेक्षा त्याची मांडणी जास्त महत्त्वाची वाटते. कारण बघा, नुसतं "एकाने २४ बरोबर सांगितली" असं ऐकलं तर वाटेल की त्या एका माणसात काहीतरी आहे. पण २७ जणांनी प्रत्येकी चाळीस वेळा नाणं उडवलं तरी त्यातल्या तीन-चार जणांना २४ किंवा जास्त मिळतील, हे गणिताने आधीच सांगता येतं. म्हणजे कुठला निकाल म्हणजे यश आणि कुठला म्हणजे नुसता योगायोग, हे उत्तरं उघडायच्या आधी ठरवता येतं. जन्मवेळ चुकीची असेल असा आक्षेप घेता येईल, आणि तो विचार करण्यासारखा आहे, पण मग ज्योतिषांच्या ऑफिसात रोज येणाऱ्या लोकांच्या जन्मवेळाही तशाच आईवडिलांनी सांगितलेल्या असतात, तिथे तो आक्षेप का घेतला जात नाही?

नारळीकर केंब्रिजला शिकले, तिथे नाव कमावलं आणि १९७२ मध्ये परत आले, पण या चाचणीच्या बाजूने बोलताना त्यांना "केंब्रिजमध्ये असं मानतात" म्हणायची गरज नव्हती. पत्रिका मराठी, मुलं मराठी, ज्योतिषी मराठी, मोजणी सगळ्यांसमोर. दाभोलकरांना २०१३ मध्ये पुण्यात भर रस्त्यात गोळ्या घालून मारलं, नारळीकर २०२५ मध्ये गेले, आणि आपल्याच लोकांनी आपल्याच शहरात करून दाखवलेली ही पद्धत आपण घरच्या वादात एकदाही वापरत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्याऐवजी आपण लीड्सच्या पुतणीला टॅग करतो.

सीसीएमपीच्या बाबतीत हे करणं अवघड नाही. प्रश्न फोडा. निदान झालेल्या बीपी-शुगरच्या पेशंटची औषधं चालू ठेवणं हा एक प्रश्न, छातीत दुखतंय म्हणून आलेल्या नव्या पेशंटला बघणं हा पूर्ण वेगळा प्रश्न, लहान मुलांची अँटिबायोटिक हा तिसरा. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येऊ शकतं. औषधाचे दुष्परिणाम नोंदवायची यंत्रणा इंग्लंडमध्ये १९६४ पासून आहे, यलो कार्ड म्हणतात तिला, आणि भारतातही २०१० पासून औषध दक्षता कार्यक्रम चालू आहे, तेव्हा तीही सबब नाही. सीसीएमपी करून बाहेर पडलेले डॉक्टर आज कुठे बसतात, खेड्यात की पुण्या-ठाण्यात, हे मोजायला तर नवा प्रयोगही लागत नाही, पत्ते बघितले तरी पुरे. गावात डॉक्टर नाहीत हा जर मुख्य युक्तिवाद असेल तर तो या एका आकड्यावर उभा राहील किंवा पडेल. मी जेवढ्या चर्चा पाहिल्या त्यात दोन्हीपैकी एकाही बाजूने हा आकडा मागितलेला मला दिसला नाही.

ग्रुपवर मी माझं आधीच लिहून टाकलंय, म्हणजे नंतर शब्द फिरवता येणार नाही. यातले निम्म्याहून जास्त डॉक्टर खरोखर ग्रामीण भागात काम करताना दिसले, आणि निदान झालेल्या जुन्या पेशंटच्या प्रिस्क्रिप्शनमधल्या चुका त्याच तालुक्यातल्या एमबीबीएसवाल्यांपेक्षा जास्त निघाल्या नाहीत, चुका कोणाच्या ते तपासणाऱ्याला माहीत नसताना, तर मी तेवढ्या कामापुरती काकांच्या बाजूने आहे. निघाल्या तर आतेभावाच्या. नव्या पेशंटचं निदान मात्र मी यात धरलेलं नाही, त्याची चाचणी वेगळी घ्यावी लागेल. आतेभावाने त्याची अट लिहिलीय, माझ्यापेक्षा कडक आहे, तो म्हणतो निम्मे नाही, तीन चतुर्थांश तरी खेड्यात असले पाहिजेत. काकांना मी विचारलंय की कुठला आकडा दिसला तर तुम्ही तुमचं मत बदलाल. ते विचार करून सांगतो म्हणालेत.