चेंडू क्रमांक १४

परवा रविवारी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, मला एका चेंडूची ओळख पटवावी लागली. मुलगा धापा टाकत वर आला, "बाबा, बॉल एकशेदोनच्या गॅलरीत गेलाय. आम्हाला देत नाहीत, तू आण ना." मी होतो तसा हाफ पँटवर खाली उतरलो. तिथेच चुकलं. हाफ पँटमधल्या माणसाला कुणी पालक धरत नाही.

एकशेदोनचे काका पुण्याच्या जकात नाक्यावरून निवृत्त झालेले. पुण्यातली जकात २०१३ साली उठली, काकांनी ती पहिल्या मजल्यावर चालू ठेवली आहे. सेफ्टी डोअर न उघडता जाळीतूनच त्यांनी विचारलं, "कसला?"

"टेनिसचा."

"रंग?"

"पिवळा. म्हणजे, मुळात पिवळा."

"कुठे लागला?"

"ते मला कसं..."

"मोगऱ्याला लागला. कुंडी नंबर तीन." एवढं बोलून ते आत गेले आणि रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा दोन्ही हातांनी उचलून घेऊन आले. डब्यात चेंडूच चेंडू. रबरी, टेनिसचे, प्लॅस्टिकचा एक चेपलेला. प्रत्येकावर मार्करने आकडा. काकांनी एक करडा गोळा वर काढला आणि फिरवून फिरवून पाहिला. "हा २०२२चा. ह्याला न्यायला कुणी आलंच नाही हो." आवाजात खरंखुरं वाईट वाटणं होतं, अनाथाश्रमाच्या अधीक्षकाला वाटावं तसं.

आमचा निघाला क्रमांक १४. मी हात पुढे केला, तर त्यांनी तो छातीशी धरला.

"देतो. पण एक सांगतो, राग मानू नका. ह्या व्हिडिओ गेमनी तुमच्या मुलांचं बालपण खाल्लं. एक पोरगं मैदानात दिसत नाही!"

मी डब्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. त्यांना काही जाणवलं नाही.

"आम्ही सूरपारंब्या खेळायचो. विटीदांडू. लगोरी."

सूरपारंब्यांना वड लागतो. आमच्या गेटपाशी दोन अरेका पाम आहेत आणि त्यांना हात लावला की वॉचमन शिट्टी मारतो. विटी जर कुंडी नंबर तीनला लागली तर काय, हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण चेंडू त्यांच्याकडे होता.

"जागतिक आरोग्य संघटना आजार म्हणते ह्याला, आजार!"

म्हणते, खरं आहे. २०२२पासून लागू झालेल्या त्यांच्या आजारांच्या यादीत हे व्यसन आहे. पण नुसता खेळला की झाला आजारी, असं नाही. खेळणं हाताबाहेर जाऊन घर, शाळा, मित्र सगळ्याची वाट लागलेली हवी, तीही साधारण वर्षभर. हे मी जाळीतून समजावून सांगितलं.

"म्हणजे झालंच की!" काका म्हणाले. "चीनने बघा. २०२१ला नियमच काढला. अठराच्या आतल्या पोरांना ऑनलाइन गेम फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार. रात्री आठ ते नऊ. सरकारी सुट्टी असली तर त्या दिवशीही तोच एक तास. बास!"

मी मनात हिशोब केला. आठवड्याला तीन तास. आमच्या नोटीस बोर्डावर लिहिलंय, 'मुलांनी फक्त रविवारी ५ ते ६ या वेळेत खेळावे'. म्हणजे चिनी सरकार गेमवर जेवढी दया दाखवतं, त्याच्या एक तृतीयांश आमची कमिटी क्रिकेटवर दाखवते. त्या ठरावाला अनुमोदन एकशेदोनचं.

आमच्या आजोबांचा राग कॅरमवर होता. कॅरमपासून जुगारापर्यंत एकच सोंगटी लागते, असं ते म्हणत. पुढे मी सुट्टीत टीव्हीला जोडायच्या गेमची कॅसेट फुंकून फुंकून लावायला लागलो, तेव्हा आजोबांना कॅरम बरा वाटू लागला. हे असंच चालतं, असं म्हणून मी सोडून दिलं असतं. पण सोडवत नाही, कारण गेम काही धुतल्या तांदळाचे नाहीत. नेट अडकलं की माझा मुलगा ज्या आवाजात ओरडतो तो मला ओळखू येत नाही. ताटातल्या पोळीचा पापड होतो, ह्याचे डोळे वर येत नाहीत.

मात्र फोन त्याच्या हातात कोंबला कुणी? २०२० साली शाळाच मोबाईलमध्ये भरली. तोवर आम्ही तो कपाटाच्या वर ठेवत होतो. शाळा परत इमारतीत गेली, मोबाईल काही कपाटावर गेला नाही. आणि तो खेळत असला की घर शांत असतं. ही शांतता मला आवडते. हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेत 'चिल्ड्रन्स प्ले एरिया' होता. लॉन, झोके, हसणारी गोरी मुलं. आज तिथे सात गाड्या उभ्या असतात, त्यातली एक माझी. दुसरी गाडी. मुलं तिच्या मागच्या चाकालाच स्टंप मानतात आणि गेल्या महिन्यात बंपरवर चरा दिसला तेव्हा त्यांच्यावर खेकसलो तो मीच. मुलाने माइनक्राफ्टमध्ये आमची सोसायटी जशीच्या तशी बांधली आहे, लिफ्टसकट. फक्त पार्किंग नाही. "विसरलास?" म्हणून विचारलं तर म्हणाला, "नाही."

"सही करा," काका म्हणाले. जाळीच्या फटीतून एक वही बाहेर आली. दिनांक, वेळ, प्रकार, नुकसान. नुकसानाच्या रकान्यात 'दोन कळ्या'. मी सही केली. मग सेफ्टी डोअर वीतभर उघडलं आणि चौदा नंबर माझ्या हातात पडला.

खाली आलो तेव्हा सहा वाजून गेले होते. वॉचमनने शिट्टी मारून सगळ्यांना हाकललं होतं. पोरं गेली होती. आमचे चिरंजीव जिन्याच्या पायरीवर मित्राच्या फोनमध्ये मान घालून बसले होते.

"बघा!" वर गॅलरीतून आवाज आला. "मी काय सांगत होतो?"