डाग नाही म्हणजे तडा नाही? डीपी टेस्टबद्दलच्या एका मेसेजला उत्तर

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथल्या कारखानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डीपी (डाय पेनेट्रंट) टेस्टबद्दल, म्हणजे धातूच्या जॉबवरचे तडे रंगीत द्रवानं शोधण्याबद्दल, एक मेसेज फिरतोय. सांगणं असं: जॉब शॉट ब्लास्ट करा (छर्र्यांचा मारा करून साफ करा), लाल पेनेट्रंट (फटीत शिरणारा द्रव) मारा, पुसा, पांढरा डेव्हलपर (फटीतला रंग वर ओढणारी पूड) मारा, पाच मिनिटांत निकाल. लाल आलं तर रिजेक्ट, नाही आलं तर जॉब आतून-बाहेरून चोख. कॅन परवडत नसतील तर रॉकेल आणि खडू आहेच.

पेनेट्रंट, पुसणं, डेव्हलपर हा क्रम बरोबर आहे. बाकीचं बघू.

‘आतून-बाहेरून चोख.’ आतलं सोडा. पेनेट्रंट केशाकर्षणानं फटीत शिरतं आणि शिरायला त्याला तोंड लागतं. पोटात दडलेलं ब्लो होल (वायूची पोकळी) किंवा श्रिंकेज (धातू थिजताना आकसून पडलेली पोकळी) त्याला कधीच सापडणार नाही. त्यासाठी रेडिओग्राफी (एक्स-रेसारखी तपासणी) नाहीतर अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींची तपासणी). डीपीत पास झालेला जॉब मशीनवर पहिल्याच कटला भोक दाखवतो, मग फाउंड्रीवाला आणि मशीनशॉपवाला भांडत बसतात. दोघंही खरंच बोलत असतात. मशीनिंग होणाऱ्या जागेची डीपी मशीनिंगनंतरच करावी.

‘शॉट ब्लास्ट करा आणि लगेच मारा.’ अख्ख्या मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच. ओतीव जॉबवरची वाळू आणि स्केल काढायलाच हवी, मान्य. पण छर्र्यांच्या माऱ्यानं वरचा धातू ठेचला जातो आणि बारीक तड्याचं तोंड बुजतं. ॲल्युमिनियम, पितळ यांसारख्या मऊ धातूंत हा धोका जास्त. ग्राइंडिंगनंही धातू फटीवर सारवल्यासारखा पसरतो. तडा जागच्या जागी असतो, पेनेट्रंटला मात्र वाट मिळत नाही, आणि रिपोर्टवर ‘निर्दोष’ छापून येतं. अशा जॉबला डीपीआधी रसायनानं एचिंग करून, म्हणजे वरचा पातळ थर विरघळवून, तोंड पुन्हा उघडावं लागतं. फटीत तेल, ग्रीस, रंग किंवा पाणी राहिलं तरी गत तीच. म्हणून सॉल्व्हंटनं धुऊन नीट वाळवणं हे निम्मं काम, आणि घाईत नेमकं तेच गाळलं जातं.

‘पाच मिनिटांत निकाल.’ एएसएमई या अमेरिकी इंजिनिअर संस्थेच्या कोडच्या सेक्शन ५ मध्ये कास्टिंगवर (ओतीव जॉबवर) पेनेट्रंट किमान 5 मिनिटं आणि फोर्जिंग (घडीव जॉब), प्लेटवर 10 मिनिटं ठेवायला सांगितलंय. म्हणजे मेसेजमधली पाच मिनिटं नुसत्या भिजण्यातच गेली. डेव्हलपर वाळल्यावर अंतिम निकाल 10 ते 60 मिनिटांत द्यायचा. जॉबचं तापमान 5 ते 52 अंश सेल्सियस हवं. वेल्डिंग करून गरम असताना लगेच फवारा मारणाऱ्यांनी हे वाचावं. आणि पुसताना क्लीनर थेट जॉबवर फवारू नका, कोड त्याला मनाई करतो, कारण फटीतलं पेनेट्रंटही धुऊन निघतं. कापड किंचित ओलं करून पुसायचं.

‘लाल आलं तर रिजेक्ट.’ खडबडीत पृष्ठभाग, आटे, कोपरे हे उगाचच रंग धरून ठेवतात. खऱ्या खुणेतही लांबी रुंदीच्या तिपटीहून जास्त असेल तर ती रेषीय धरतात, नाहीतर गोल. कुठली किती चालेल हे ड्रॉइंग आणि ग्राहकाचा निकष ठरवतो, रंग नाही.

‘नाही आलं तर चोख.’ 19 जुलै 1989 ला अमेरिकेत सू सिटीला एक डीसी-10 विमान कोसळलं, 112 माणसं गेली. इंजिनातली टायटॅनियमची फॅन डिस्क तड्यामुळं फुटली होती. त्या डिस्कची शेवटची तपासणी पेनेट्रंटच्याच फ्लुरोसंट (अतिनील दिव्याखाली चमकणाऱ्या) प्रकारानं झाली होती. तडा तेव्हाही सापडण्याइतका होता, पण सुटला, असं तपासात निघालं. दोष द्रवाचा नव्हता, उणीव बघणाऱ्या माणसाची आणि पद्धतीची.

रॉकेल-खडूची चेष्टा करायचं कारण नाही. रेल्वे वर्कशॉपमध्ये डीपीची सुरुवातच तेल आणि खडूनं झाली, आणि टाकीच्या वेल्डची गळती बघायला तो उपाय आजही चालतो. बारीक तड्याला मात्र तो पुरत नाही.

मेसेजमध्ये एक गोष्ट आलेलीच नाही. कोल्हापुरातला बराचसा माल बिडाचा (ओतीव लोखंडाचा) किंवा एसजीचा (बिडाच्याच चिवट प्रकाराचा), म्हणजे चुंबकाला धरणारा. त्याला मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट (जॉब चुंबकित करून तड्यावर लोहकण गोळा होतात का बघणं) जास्त सोयीची; ती पृष्ठभागाच्या किंचित खालचा दोषही पकडते. डीपी ठेवा चुंबकाला न धरणाऱ्या 304-316 स्टेनलेस, ॲल्युमिनियम आणि गनमेटलसाठी (तांब्याच्या मिश्रधातूसाठी).