‘आवडबिवड काही नव्हती’ : थॉमस कुकवरच्या लेखावर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एकोणिसाव्या शतकात सहलींचा धंदा उभा करणारा इंग्रज थॉमस कुक, त्याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘लेख जाहिरातीसारखा वाटतो. कुकला प्रवासाची आवडबिवड काही नव्हती, दारूबंदीच्या सभेला माणसं न्यायची होती म्हणून त्याने गाडी ठरवली. रेल्वेच्या सहली त्याच्या आधीही निघत होत्या. आणि शेवटी कंपनी बुडालीच. लिहिण्याआधी थोडं वाचत चला.’

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण तेच लागलं. चूक दाखवा, मी दुरुस्त करीन. पण ‘थोडं वाचत चला’ यात चूक कुठली ते कळत नाही, समोरच्याला गप्प बसवणं तेवढं होतं. गेली १९ वर्षं ग्रुप सहलींची आखणी हेच माझं काम आहे आणि या माणसाबद्दल मी त्या कामाच्या गरजेपोटीच वाचत आलोय. ‘जाहिरात’ हा शब्द तर मी अजिबात मान्य करत नाही.

एक गोष्ट मान्य. ‘पहिली रेल्वे सहल’ असं मी लिहायला नको होतं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम आणि लेस्टर या गावांच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटांनी (कामगारांच्या शिक्षणसंस्थांनी) १८४० च्या उन्हाळ्यातच एकमेकांच्या गावी रेल्वेने सहली नेल्या होत्या. वाक्य बदललं आहे.

आता ‘आवडबिवड’.

५ जुलै १८४१ ची लेस्टर ते लफबरो ही सहल दारूबंदीच्या सभेसाठी होती, हे लेखात पहिल्याच परिच्छेदात आहे. जाऊन-येऊन एक शिलिंग, सुमारे ५०० माणसं. तुम्ही तिथेच थांबलात. कुक त्याच्या बराच आधी सुरू होतो. दहाव्या वर्षी बागेत मजुरी, चौदाव्या वर्षी नात्यातल्या एकाकडे सुतारकामाची उमेदवारी, मग १८२८ मध्ये ख्रिस्ती धर्मातल्या बाप्टिस्ट पंथाचा गावोगाव फिरणारा प्रचारक. १८२९ या एका वर्षात तो २,६९२ मैल फिरला, त्यातले २,१०६ मैल पायी. म्हणजे सुमारे ३,३९० किलोमीटर, वर्षभराची सरासरी काढली तर रोज नऊ किलोमीटरहून जास्त. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू व्हायला तेव्हा अजून एक वर्ष होतं. तुम्ही म्हणाल, ते कामासाठी चालणं होतं. होतंच. पण मैलांचा हिशोब ठेवणारा, त्यातले पायी किती हे वेगळं मांडणारा माणूस रस्त्याकडे नुसती ये-जा म्हणून बघत नसतो. आखणी करणाऱ्याला ही सवय नसेल तर दोन ठिकाणांमधलं अंतर कागदावर बरोबर येतं आणि प्रत्यक्षात चुकतं, कारण चढ, सामान आणि थांबे नकाशावर दिसत नाहीत.

१८४१ ते १८४४ या उन्हाळ्यांत त्याने दारूबंदी मंडळं आणि रविवारच्या शाळा यांच्यासाठी सहली काढल्या, नफ्यासाठी नाही. नफ्याची पहिली सहल १८४५ ची, लिव्हरपूलची. तिथे सभा नव्हती, ठराव नव्हता. तो आधी स्वतः त्या वाटेने जाऊन आला, मुक्कामाच्या जागा पाहिल्या आणि सुमारे साठ पानांची माहितीपुस्तिका छापली. छापखाना त्याचाच होता, म्हणून हे जमलं. पहिल्या वर्गाला १५ शिलिंग, दुसऱ्याला १०. पुढे बोटीने वेल्समधल्या कायर्नार्व्हनला आणि तिथून स्नोडन या डोंगरावर. त्या डोंगरावर असताना मन स्कॉटलंडच्या डोंगरांकडे धावलं, असं त्यानेच लिहून ठेवलंय. सभेला माणसं पोचवणाऱ्याला स्नोडनच्या माथ्यावर पुढचा डोंगर कशाला आठवेल?

१८४६ ची स्कॉटलंडची सहल फसली, हेही बघा. सुमारे ३५० माणसं. रेल्वेने फ्लीटवूड बंदर, तिथून बोटीने स्कॉटलंडमधलं आर्ड्रोसन, पुन्हा रेल्वेने ग्लासगो. डब्यांत शौचालय नाही, प्रेस्टनला कबूल केलेला चहा मिळालाच नाही, बोटीत झोपायच्या जागा पुरल्या नाहीत. असा चहा का चुकतो ते या धंद्यातल्या कुणालाही विचारा. एका कपाला दहा सेकंद धरा, ३५० कपांना एका खिडकीवर जवळजवळ तासभर लागतो. गाडी वीस मिनिटं थांबणार असेल तर किमान तीन खिडक्या हव्यात, कप आधीच मांडलेले हवेत, आणि गाडी उशिरा आली तर वाट बघणारा माणूस तिथे हवा. यातलं एक चुकलं की सगळे उपाशी. बोटीचंही तसंच. तिकिटं माणसांवर विकली जातात आणि पलंग मोजायचे राहतात. या फजितीनंतर निव्वळ व्यापारी माणूस दुसरा धंदा बघतो. कुक पुन्हा स्कॉटलंडलाच गेला, वर्षानुवर्षं गेला. १८६२ मध्ये स्कॉटिश रेल्वे कंपन्यांनी त्याला तिकिटं देणं बंद केलं, तेव्हा १८६३ मध्ये त्याने स्वित्झर्लंड काढलं.

१८६८ ची हॉटेल कुपनं घ्या. प्रवासी घरूनच पैसे भरून कुपनांचं पुस्तक घेणार, हॉटेल एकेक कुपन घेऊन खोली आणि जेवण देणार, नंतर ती कुपनं कुककडे पाठवून पैसे घेणार. परक्या चलनात रोजची घासाघीस संपली. पण दर फार पाडला तर हॉटेलवाला कुपनवाल्याला मागची खोली देतो, म्हणून जागा पाहून येणं सुटत नाही. हे टेबलाशी बसून सुचत नाही. आणि १८७२-७३ मध्ये, साठी ओलांडल्यावर, तो २२२ दिवसांच्या जगप्रवासाला स्वतः निघाला, हिंदुस्थानातूनही गेला. ही आवड नसेल तर आवड कशाला म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

मुलगा जॉन मेसन कुक जास्त हिशोबी होता, दोघांचं पटलं नाही आणि १८७९ च्या सुमारास बाप बाजूला झाला. ‘निव्वळ धंदा’ हा तुमचा रोख मुलाबद्दल असता तर मी इतकं लिहिलं नसतं.

त्याच्या नावाची कंपनी बुडाली ती २०१९ मध्ये. संस्थापक १८९२ मध्ये गेला. मधल्या १२७ वर्षांचा जाब त्याच्याकडे मागू नका, माझ्याकडेही नको.

१८४० च्या सहलींची ओळ लेखात घातली आहे, तुमच्या प्रतिक्रियेच्या उल्लेखासह. ‘आवड’ हा शब्द जिथे होता तिथेच आहे.