नानकटाई सोडू नका, तोलून खा

संध्याकाळी पाचला कोल्हापूरच्या राजारामपुरीतून जाताना बेकरीतल्या ताज्या नानकटाईचा वास आला की डाएटवाल्याचा पाय अडखळतोच. हा मनाचा दुबळेपणा नव्हे. सकाळी नुसता चहा आणि दुपारी अर्धी भाकरी-काकडी एवढ्यावर दिवस रेटला तर पोट पाचला गोड मागणारच. आधी दुपारी भाकरीबरोबर वाटीभर घट्ट उसळ खा, वर ताक घ्या. मग नानकटाईकडे वळा.

हिशेब सरळ आहे. १०० ग्रॅम मैदा, ५५ ग्रॅम तूप, ५० ग्रॅम पिठीसाखर. याच्या १२ नानकटाया होतात आणि एकीत सुमारे ८५ किलोकॅलरी असतात. त्यातल्या जवळपास निम्म्या तुपाच्या. म्हणून नुसती साखर काढून गूळ घातल्यानं वजनाला काही फरक पडत नाही. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, त्याच्या चवीचा अभिमान आपल्याला असायलाच हवा. पण उष्मांकात तो साखरेच्या जवळ जवळच, आणि मधुमेह असलेल्यांनी तर त्याला साखरच समजावं. ‘गुळाची आहे’ म्हणून चार खाणं हीच खरी चूक.

घरी करायची तर ७० ग्रॅम नाचणीचं पीठ, ३० ग्रॅम कणीक, ४० ग्रॅम तूप, ३५ ग्रॅम गुळाची पूड, पाव चमचा बेकिंग पावडर आणि लागलंच तर चमचाभर दूध. याच्याही १२ केल्या तर एक सुमारे ७० किलोकॅलरीची होते, म्हणजे फरक फक्त पंधराचा. नाचणीचं पीठ मंद आचेवर पाच मिनिटं भाजा, नाहीतर कच्चट वास राहतो. ते पूर्ण गार होऊ द्या. गरम पिठात तूप वितळतं आणि नानकटाई पसरून चपटी होते. नाचणीत ग्लुटेन नसतं, म्हणून कणीक वगळली की भुगा होतो. गूळ ओलसर असेल तर दूध घालूच नका.

खारी हलकी लागते ती वाफेनं फुगलेल्या पदरांमुळे. प्रत्येक पदरात वनस्पती तूप असतं, १०० ग्रॅमला पाचशेच्या आसपास किलोकॅलरी होतात. तिला आकारावरून जोखू नका, वजनकाट्यावर ठेवा.

सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे सगळ्या नानकटाया एकदम भाजू नयेत. पिठाची वळकटी बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा, महिनाभर टिकते. हवं तेव्हा दोनच चकत्या कापा. डबा भरलेला नसला की तिसरीकडे हात जात नाही. कढईत मिठाचा थर पसरून, वर स्टँड ठेवून, झाकण लावून दहा मिनिटं तापवा. मग ताटलीत चकत्या ठेवून मंद आचेवर वीसेक मिनिटं. ओव्हन असेल तर १६० अंशांवर पंधरा ते अठरा. बाहेर काढताना ती मऊच लागते, गार झाल्यावर खुसखुशीत होते. कच्ची समजून आणखी भाजली तर गूळ करपतो आणि कडवटपणा उतरतो.