‘प्लॅस्टिगेज चिरडणाऱ्यांनी शिकवू नये’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

इंजिन बांधणीच्या चौथ्या भागावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. खरं सांगायचं तर तीनदा वाचली. आधी वाटलं, दोन ओळींत आभार मानावेत आणि विषय सोडून द्यावा. पण गप्प बसलं की लोक ते कबुलीत जमा करतात, म्हणून बसलोय लिहायला. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी जसंच्या तसं देतो:

‘घरच्या गॅरेजमध्ये प्लॅस्टिगेज चिरडून इंजिन बांधणाऱ्यांनी निदान दुसऱ्यांना शिकवू नये. प्लॅस्टिगेजला जर्नलचा निमुळतेपणा कळत नाही, लंबगोलपणा कळत नाही. मायक्रोमीटर आणि बोअर गेज लावले होते का? होनिंगनंतर ब्लॉक कशाने धुतला? मेन कॅपचे बोल्ट तेल लावून आवळले की कोरडे? रिंगांच्या गॅपचे आकडे कुठे आहेत? इंजिन १९९१च्या आधीचं असेल तर क्रँकच्या आखूड नाकाचं काय केलं?’

आधी तुमच्या त्या ‘चिरडून’बद्दल. प्लॅस्टिगेज चिरडायचंच असतं हो. बेअरिंगमधली फट मोजायचा तो मेणासारखा बारीक धागा जर्नलवर, म्हणजे क्रँकच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) बेअरिंगमध्ये बसणाऱ्या गोल भागावर, आडवा नाही, उभा, म्हणजे क्रँकच्या लांबीच्या दिशेने ठेवायचा. जर्नल आणि शेल (बेअरिंगचे अर्धगोल पत्रे) तेलाशिवाय कोरडे हवेत. कॅप (बेअरिंगचं झाकण) बसवून पूर्ण टॉर्क द्यायचा, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोराने आवळायचे, मध्ये क्रँक तसूभरही फिरवायचा नाही, मग कॅप उघडून चपटा झालेला पट्टा पाकिटावरच्या मापाशी ताडून पाहायचा. पट्टा रुंद तर फट कमी, अरुंद तर फट जास्त. हिरव्या पाकिटातला धागा साधारण ०.०२५ ते ०.०७६ मिमीपर्यंतची फट दाखवतो. हे सगळं मी चौथ्या भागात लिहिलंच होतं. पण तुम्ही शब्द असा निवडलात की जणू मी हातोडीने जर्नल ठोकत बसलो होतो. टीका करा, जरूर करा, पण क्रियापद जरा सांभाळून.

आणि ‘घरच्या गॅरेजमध्ये’ यात नेमकं हीन काय आहे? गाडी माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीची. इंजिन १५९७ सीसीचं, ७८ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ८३.६ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. गाडीला दोनच सीटं आणि उघडं छप्पर आहे म्हणून लोकांना आत काहीतरी अगम्य असेल असं वाटतं. याच घराण्यातली इंजिनं माझदाच्या ३२३ या अगदी घरगुती गाडीतही असायची. चार सिलिंडर, पाच मेन बेअरिंगं, दोन कॅम, एक टायमिंग बेल्ट. स्टँड, टॉर्क रेंच, स्वच्छ टेबल आणि सबुरी असली की हे इंजिन घरी बांधता येतं. होनिंग (सिलिंडर आतून दगडाने घासणं) आणि हेडचं प्लेनिंग (तळ सपाट करणं) मी बाहेर दिलं होतं, तेही लेखात आहे. तिथपर्यंत वाचलं असतंत तर बरं झालं असतं.

आता मुद्दा. प्लॅस्टिगेजला निमुळतेपणा कळत नाही, असं आपण ठासून सांगता. कळतो! धागा जर्नलच्या लांबीभर पसरलेला असतो. जर्नल एका टोकाला बारीक असेल तर पट्टा त्या टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला रुंद येतो. पाचर दिसते, डोळ्यांनी दिसते, चष्मा न लावताही दिसते. म्हणजे ज्या वाक्याच्या जोरावर आपण मला शिकवायला बंदी घातलीत, त्याचा पहिला अर्धाच चुकीचा निघाला. दुसऱ्या अर्ध्याचं, लंबगोलपणाचं, म्हणाल तर एका जागी ठेवलेला एक धागा तो दाखवत नाही, हे मान्य. पण त्यालाही उपाय आहे. क्रँक ९० अंशांत फिरवायचा, नवा धागा ठेवायचा, पुन्हा टॉर्क द्यायचा. दोन पट्टे सारखे आले तर जर्नल निदान त्या दोन दिशांनी गोल आहे. वेळ दुप्पट जातो, बाकी काही नाही. कारखान्याच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मेन बेअरिंगची फट मोजायला प्लॅस्टिगेजच सांगितलंय. ज्यांनी इंजिन बनवलं त्यांनाही आता तुम्ही शिकवू नका म्हणणार का?

(त्याच मॅन्युअलमध्ये जर्नलचा व्यास मायक्रोमीटरने दोन ठिकाणी, दोन दिशांनी मोजायलाही सांगितलंय, हे मला ठाऊक आहे. लेख फार लांबत होता.)

मायक्रोमीटरबद्दल मात्र मला कुणी विचारू नये. माझे बाबा लेथवर काम करायचे. त्यांचा मायक्रोमीटर तेलकट फडक्यात गुंडाळून लाकडी डबीत असायचा आणि त्याला हात लावायची परवानगी मला दहाव्या वर्षी मिळाली. आधी वहीचा कागद मोजायला लावला, मग डोक्याचा केस. मुठीने आवळायचं नाही, रॅचेटचे तीन टिक झाले की थांबायचं. हातात फार वेळ धरलास तर पोलाद तापतं आणि माप बदलतं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला ती थाप वाटली होती. सोळाव्या वर्षी त्यांच्याच स्कूटरचं टू-स्ट्रोक इंजिन उघडलं आणि पिस्टन उलटा बसवला. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे हवा, मी तो विरुद्ध बाजूला केला. रिंगेचं टोक पोर्टमध्ये अडकलं, रिंग तुटली, सिलिंडरवर नखाने जाणवेल असा ओरखडा गेला. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी तो पिस्टन माझ्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवला आणि तो तिथे तीन वर्षं होता. तेव्हा इंजिनात चूक कशी होते हे मला परक्या माणसाने सांगायची गरज नाही.

तुमच्या सुरात गृहीत धरलेली आणखी एक गोष्ट म्हणजे बाहेरचा माणूस चुकत नाही. एका मोटारसायकलचं इंजिन मी मुद्दाम व्यावसायिक कारागिराकडे दिलं होतं. नाव घेत नाही. पक्की पावती होती, भिंतीवर यंत्रं होती, सगळं होतं. होनिंग झाल्यावर ब्लॉक नुसता रॉकेलने पुसलेला. दगडाची बारीक भुकटी तेलाच्या वाटांमध्ये तशीच राहिली आणि काहीशे किलोमीटरमध्ये बेअरिंगच्या मऊ थरात रुतून बसली. शेल काढले तर ते कानस फिरवल्यासारखे दिसत होते. तेव्हापासून ब्लॉक मी स्वतः धुतो. गरम पाणी, साबण आणि ब्रश. रॉकेलने तेल निघतं, भुकटी तिथेच राहते. तेलाच्या प्रत्येक भोकातून ब्रश घालायचा आणि शेवटी तेल लावलेलं पांढरं फडकं बोअरवरून फिरवायचं. फडकं करडं झालं तर पुन्हा पहिल्यापासून. या ब्लॉकला चार वेळा धुतलंय. धुतल्या धुतल्या लगेच तेल लावावं लागतं, नाहीतर लोखंड डोळ्यांदेखत तांबूस होतं. हे झालं तुमच्या धुण्याच्या प्रश्नाचं उत्तर.

एक गोष्ट तुमची बरोबर आहे आणि ती कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही. बोल्टच्या आट्यांना तेल लावलं होतं की नाही, हे मी लिहायला हवं होतं. लावलं होतं. टॉर्कचा फारच थोडा भाग, ढोबळमानाने दहावा हिस्सा, बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. बाकीचा सगळा डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. त्यामुळे रेंचवर आकडा तोच दिसला तरी तेल लावलेला बोल्ट कोरड्यापेक्षा बराच जास्त ताणला जातो. वाचून कुणी उलटसुलट केलं तर घोटाळा होईल. लेखात तेवढी एक ओळ आता घातली आहे. बघा, सरळ सांगितलं असतंत तर पहिल्याच दिवशी घातली असती.

बाकीचं थोडक्यात. क्रँक माझा लांब नाकाचा आहे (नाक म्हणजे क्रँकचं पुढचं टोक), तो विषय संपला. रिंगांची गॅप, म्हणजे पिस्टनच्या रिंगेच्या दोन टोकांमधली फट, पुढच्या भागात येणारच होती. बोअरच्या प्रत्येक इंचामागे इंचाचे चार हजारांश हा सर्वसाधारण ठोकताळा, म्हणजे ७८ मिमीला साधारण ०.३ मिमी. माझे आकडे त्याच्या जवळपास आहेत. चारही सिलिंडरचा तक्ता हवा असेल तर थोडी वाट पाहा. फुकट लिहितो मी हे, रात्री जेवण झाल्यावर.

बोअर गेजचं, म्हणजे आतला व्यास मोजायच्या साधनाचं, राहिलं. ते माझ्याकडे नाही. परवा एका मित्राकडून आणलंय. तुमच्या प्रतिक्रियेचा त्याच्याशी संबंध नाही, मागायचं कधीपासून मनात होतं.

आणि विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. वर ९० अंशांची रीत लिहिली आहे ती मी पहिल्या दोन जर्नलांवर केली होती. नंतर उशीर झाला, तीन, चार आणि पाचला एकेकच धागा ठेवला. इंजिन अजून स्टँडवरच आहे, म्हणून काल रात्री तिसरी कॅप परत उघडली. जर्नल आणि शेल कोरडे पुसले, क्रँक फिरवून दुसरा धागा ठेवला, टॉर्क दिला, उघडलं. पट्टा पहिल्यापेक्षा अरुंद आला. फार नाही, पण अरुंद. धागा नीट बसला नसेल म्हणून पुन्हा केलं. पुन्हा तेवढाच.

बाबांची डबी माळ्यावरून काढली आहे. क्रँक उद्या खाली उतरवतोय. पाचवा भाग ठरल्या दिवशी येणार नाही, याची इतर वाचकांनी नोंद घ्यावी.